नळ्यांमधली जागा

रिकामी जागा दिसली की ती भरून टाकायची, हा ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसांचा जुना रोग आहे. मला तो पहिल्याच वर्षी जडला. नागपुरात बॉयलर बनवणारा एक लहान कारखाना होता, तिथे मी ड्राफ्ट्समन होते. मस्टरवर तसंच लिहिलेलं होतं, 'ड्राफ्ट्समन', आणि बाईच्या नावापुढे तो शब्द वाचून कारकून दर महिन्याला गालातल्या गालात हसायचा. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. माझ्याबरोबर डिप्लोमा झालेली दुसरी मुलगी शाळेत शिकवायला लागली होती. मी मात्र टी-स्क्वेअर घेऊन बोर्डापुढे उभी राहायचे आणि मला त्याचा भारी ताठा होता.

त्या वर्षी वडशाच्या एका तेल कारखान्याचं काम आलं. धानाच्या कोंड्यातून तेल काढायचा कारखाना. कोंडा गिरणीतून निघाला की लगेच वाफ द्यावी लागते, नाहीतर एक-दोन दिवसांत तो खवट होतो. त्यामुळे हंगामात वाफ हवी आणि ती न थांबता हवी. जळण म्हणून चंद्रपूरकडची कोळशाची चुरी वापरायची होती. चुरी साध्या जाळीवर टाकली तर न जळताच खाली गळते, म्हणून बॉयलर नव्या तऱ्हेचा. लोखंडी हौदात गुडघाभर रेती, तळाशी बारीक भोकांच्या टोप्या आणि त्या भोकांतून येणारी मोठ्या पंख्याची हवा. हवा पुरेशी झाली की रेती आपला जडपणा विसरते आणि आधणाच्या पाण्यासारखी उकळायला लागते. ती आधी तापवून घ्यायची. मग तिच्यात चुरी पडली की पडताक्षणी पेटते. पाण्याच्या नळ्या याच रेतीतून आडव्या गेलेल्या असतात. तापलेली रेती त्यांना घासत जाते आणि आत वाफ तयार होते.

या नळ्यांची मांडणी काढायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे साहेब म्हणाले, "पार्टीला वाफ जास्त हवी आहे. बसतील तेवढ्या बसव."

मी बसवल्या. मधल्या भागात दोन ओळी जास्तीच्या घातल्या, विटांच्या बांधकामासारख्या आळीपाळीने, आणि त्यांना जागा करायला शेजारच्या ओळी सरकवल्या. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की दुपारच्या सुट्टीत मी शेजारच्या टेबलांवरच्या लोकांना बोलावून दाखवलं. नळ्या जास्त म्हणजे तापणारा पृष्ठभाग जास्त, म्हणजे वाफ जास्त. साहेबांनी वरवर नजर फिरवली आणि ड्रॉइंग पुढे गेलं. रेतीला हलायला जागा लागते, ही गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नाही.

थंडीच्या सुरुवातीला वडशाहून ट्रंक कॉल आला. बॉयलर पेटवला की सात-आठ तासांत हौदाच्या मध्यभागी रेती आणि राख वितळून तिचा खंगर होतो, दगडासारखा. तो छिन्नीने फोडून काढावा लागतो. तीनदा झालं होतं. आमचे साइटवरचे इंजिनियर काविळीने घरी पडलेले, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. निघताना हातात एक टाइप केलेला कागद दिला. "आपलं ड्रॉइंग बरोबर आहे. त्यांच्या फिटरने नदीची रेती नीट न चाळता भरली असणार. त्याची सही घेऊन ये, म्हणजे आपल्यावर जबाबदारी राहणार नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला तेव्हा आठवली नाही. कशी आठवेल, नाचणारी मीच होते.

वडशात पोचले तेव्हा गावात जीपवरच्या भोंग्यातून नाटकाची जाहिरात चालू होती. कारखान्याचे मॅनेजर भला पण घाबरट माणूस. त्यांनी चहा दिला आणि अडचण सांगितली. गेस्ट हाउसात ट्रकवाले झोपतात, बाईमाणसाची तिथे सोय नाही. "आमच्या फिटरचं घर जवळच आहे. चांगलं कुटुंब आहे. तिथी राहा." म्हणजे ज्या माणसाकडून चुकीची कबुली लिहून घ्यायची, त्याच्याच घरी मुक्काम. मी हो म्हणाले. दुसरा इलाज नव्हता.

फिटरभाऊ पन्नाशीचे होते. अंगाने काटकुळे, खाकी शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, बोलणं कमी. घर दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं, सारवून लख्ख केलेलं. समोरच्या भिंतीत एका कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी शेवंती. वहिनींनी भात, लाखोळीची डाळ आणि वालाच्या शेंगांची भाजी वाढली. अठरा वर्षं भाऊ बॉयलरमागे फिरले होते. चंद्रपूर, भिलाई, कुठे कुठे. आता घराजवळ काम मिळालं होतं आणि मॅनेजरने शब्द दिला होता की हंगाम सुरळीत लागला की तुम्हाला कायम करतो.

"अठरा वर्सं मी एकटीचंच ताट वाढलं, म्याडम," वहिनी म्हणाल्या. "आता हा माणूस दोन्ही टाइम घरी जेवते. मले तर खरंच वाटत नाई."

कागद माझ्या पर्समध्ये होता. मी मान खाली घालून भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत मी तो कागद पुढे केला. भाऊंनी चष्मा लावला, एकेक ओळ सावकाश वाचली, कागदाची घडी होती तशीच परत घातली आणि माझ्यासमोर ठेवली.

"रेती मी चाळली. दोनदा चाळली. हे कसं लिहून देऊ?"

मॅनेजर वैतागले. मालकांचा रोज फोन येत होता आणि त्यांना कुणाचं तरी नाव सांगायचं होतं. "शनिवारपर्यंत विचार कर. सही केली तर पुढचं पाहू. नाई केली तर सोमवारपासून येऊ नको, दुसरा फिटर नागपूरहून येते."

सही केली तर चूक कबूल, म्हणजे कायमची नोकरी गेली. नाही केली तर आहे तीही गेली. भाऊ माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "म्याडम, एक डाव रेती तर पाहून घ्या."

खंगर काढून हौद पुन्हा भरलेला होता. आग नव्हती, सगळं गार. भाऊंनी पंखा चालू करायला सांगितला, तोंडाला ओला दुपट्टा बांधला, चपला काढल्या आणि हौदाच्या कडेच्या लहान दारातून वाकून सरळ आत शिरले. मी बाहेरून टॉर्च धरला होता. रेतीचा वरचा थर हलत होता, नळ्या त्याच्याखाली बुडालेल्या. भाऊ भिंतीच्या कडेने एकेक पाऊल टाकत गेले, डोळे मिटून. मला वाटलं, हे काय खूळ. मी पुस्तकातली आकडेमोड घेऊन आले होते आणि इथे माणूस पायाने बॉयलर तपासत होता.

"इथी जिती आहे," ते म्हणाले. दोन पावलं आत सरकले. "इथीबी जिती." मग हौदाच्या मध्यावर थांबले. "इथी मेली."

ते वैनगंगेकाठच्या गावचे. लहानपणापासून नदीचं पात्र पायी ओलांडून वडशाला येणारे. नदीत कुठली रेती माणसाला धरते आणि कुठली सोडते, हे त्यांचे तळपाय ओळखायचे. हवेवर उकळणारी रेती पाय धरत नाही, पाऊल सरळ खाली जाऊन नळीला टेकतं. जिथे हवा पोचत नाही तिथे रेती घट्ट बसलेली असते आणि अंगाचा भार झेलते. इतकी साधी परीक्षा. अशी परीक्षा करता येते हे मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

"तुमी या," ते म्हणाले.

मी सलवार दुमडली आणि उतरले. कडेला पाय ठेवला तर रेती पाण्यासारखी बाजूला झाली आणि नळीचं गार लोखंड तळव्याला लागलं. ओठांवर हसू आलं माझ्या, इतकं गमतीचं होतं ते. मग मध्यावर पाय ठेवला. रेती टणक. मी उभी राहिले आणि ती माझ्या वजनाने तसूभरही खचली नाही.

आम्ही बाहेर आलो आणि भाऊंनी पंखा एकदम बंद करायला लावला. हळूहळू बंद केला तर रेती सपाट होऊन बसते. एकदम बंद केला तर ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत थिजते, आणि मग तिचा चेहरा वाचता येतो. मध्यभागी उंचवटा होता, दोन्ही कडांना खड्डे. मी टेप धरून मोजलं. उंचवटा जिथे सुरू झाला तिथूनच माझ्या दोन जास्तीच्या ओळी सुरू होत होत्या. जिथे त्या संपत होत्या तिथे तोही संपत होता. दाट नळ्यांमधून हवेला आणि रेतीला वाट नव्हती. हवा आपली सोपी वाट धरून कडेने उसळत होती, मधली रेती बसून राहत होती, आणि तिच्यात पडलेली चुरी एकाच जागी जळत राहून खंगर होत होता.

कागदावरची माझी देखणी मांडणी माझ्या डोळ्यांसमोर होती.

"काय दिसलं?" भाऊंनी विचारलं.

"रेती बारीक असेल," मी म्हणाले.

"असंल," ते म्हणाले, आणि पाय धुवायला पाण्याची बादली माझ्यापुढे सरकवली.

ते तीन शब्द बोलताना मला जेवढी लाज वाटली तेवढी नंतर कधीच वाटली नाही, आणि तरी मी ते बोलले. का बोलले ते सांगते. ऑफिसात मी एकटीच बाई होते. माझी नेमणूक झाली तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बघू प्रयोग करून." प्रयोग फसला असं आता मला माझ्याच तोंडाने सांगावं लागणार होतं. पुढचे दोन दिवस मी रेतीचे नमुने चाळत बसले, वेगवेगळ्या चाळण्या लावून. रेती उत्तम होती. भाऊंनी ती मी सांगितली असती त्यापेक्षा नीट चाळली होती. मी उगीचच आकडे लिहीत राहिले.

आणि भाऊ काम करत राहिले, हे मला जास्त छळत होतं. शनिवारनंतर ज्या बॉयलरशी आपला संबंध उरणार नाही त्याच्या झडपांना ग्रीस लावत होते, टोप्यांची भोकं तारेने एकेक साफ करत होते. पंख्याच्या नळकांड्यावर तळहात ठेवून उभे राहायचे आणि बेअरिंगला कधी तेल हवं ते सांगायचे. एका टोपीचं भोक अर्धं बुजलेलं होतं, ते त्यांनी शेकडो टोप्यांमधून नुसत्या बोटांना लागणाऱ्या वाऱ्यावरून शोधलं. माझ्याशी वागण्यात तसूभर फरक नव्हता. दुपारी डबा उघडला की पहिला घास घ्यायच्या आधी विचारायचे, "म्याडम, जेवल्या का?"

शुक्रवारी संध्याकाळी घरी गेले तर वहिनी अंगणात एक पत्र्याची पेटी पुसत होत्या. भाऊंची फिरतीची पेटी. माळ्यावरून काढली होती.

"लागंल ना आता," त्या म्हणाल्या. चेहरा साधाच होता, रडणं नाही, कुरकुर नाही. कडीला गंज चढला होता, तो त्या राखेने घासत होत्या.

शनिवारी सकाळी मी मॅनेजरच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. रेतीत दोष नाही. फिटरची चूक नाही. नळ्यांमध्ये जागा कमी ठेवली आहे आणि ते ड्रॉइंग मी काढलेलं आहे.

मॅनेजरनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. कारखान्याने धाडलेला माणूस स्वतःच्या कारखान्याची चूक सांगतो, हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत असावं. मग त्यांनी ट्रंक कॉल लावला. साहेबांचा आवाज इतका चढला की मॅनेजरनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. तुला काय आणायला पाठवलं होतं आणि तू काय देऊन बसलीस, असा एकंदर सूर. शेवटी साहेब थकले आणि त्यांनी विचारलं, "मग आता करायचं काय?"

"दोन ओळी काढायच्या," मी म्हणाले.

"वाफ कमी होईल."

याचं उत्तर दाराशी उभ्या असलेल्या भाऊंनी रिसीव्हरजवळ येऊन दिलं. "नाई होत, साहेब. चार ट्युबा कमी असल्या तरी चालते. रेतीनं त्याहिले घासलं पाह्यजे. जे घासतच नाई, त्या ट्युबचा काय उपयोग?"

आठ दिवस काम चाललं. मी एका जुन्या प्रिंटच्या मागे पेन्सिलीने नवी मांडणी काढली. नळ्यांमध्ये किती जागा ठेवावी, असं मी भाऊंना विचारलं, आणि विचारताना माझा ताठा कुठे गेला होता कोण जाणे. त्यांनी दोन नळ्यांच्या मधून आपली मूठ घालून दाखवली. "मूठ मोकळी गेली पाह्यजे. पन लई मोकळं सोडलं तरी रेती माजते. मोठे बुडबुडे फुटते, अन् ट्युबचं पोट खाऊन टाकते." पुढे बऱ्याच वर्षांनी मी याच विषयावरचे जाडजूड ग्रंथ वाचले. नळीचा व्यास, दोन नळ्यांमधलं अंतर, बुडबुड्यांचा आकार, सगळं गणितात मांडलेलं. सगळं वाचून झाल्यावर उत्तर त्या मुठीच्या आसपासच आलं. मला त्या माणसाचं कौतुक तेव्हाही वाटलं होतं, ग्रंथ वाचल्यावर त्याची खरी किंमत कळली.

भाऊंनी दोन ओळी कापल्या, तोंडं बंद करून वेल्डिंग केलं. ते वेल्डिंग इतकं एकसारखं होतं की पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायला आलेल्या बॉयलर इन्स्पेक्टरनी टाक्यावरून बोट फिरवून विचारलं, हे कोणी केलं. मग पुन्हा गार हवा, पुन्हा चपला बाहेर. या वेळी मी न सांगता उतरले. मध्यावर पाय ठेवला आणि तो थेट नळीला टेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर पेटवला. आठ तास गेले, दहा गेले. काच बसवलेल्या भोकातून पाहिलं तर सगळा हौद एकसारखा केशरी उकळत होता, कुठे काळा डाग नाही. वाफेच्या दाबाचा काटा आधी कधी गेला नव्हता तिथे जाऊन थांबला. दोन ओळी कमी आणि वाफ जास्त. मी वेड्यासारखी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर धावत आले, काटा पाहिला, आणि तिथेच भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पहिल्या तारखेपासून कायम." भाऊंनी मान हलवली आणि चुरीचा पट्टा सरळ चालतोय का ते पाहायला गेले.

माझी नोकरी गेली नाही. साहेबांनी पुढचे सहा महिने मला फक्त जिने आणि कठडे काढायला दिले, एवढंच. पण ते पुढे. वडशाहून निघायच्या दिवशी भाऊ मला एसटी स्टँडवर सोडायला आले. ड्रॉइंगचं भेंडोळं त्यांनी स्वतःच्या काखेत धरलं होतं. गाडीला वेळ होता. मला बोलल्याशिवाय राहवेना.

"भाऊ, मला माफ करा. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले."

"मी तर महिनाभर गप्प होतो," ते म्हणाले.

मला उमजेना. मग त्यांनी सांगितलं. नळ्या बसवतानाच त्यांची मूठ आत गेली नव्हती. त्यांनी विचारलं, तर ड्रॉइंगमध्ये आहे तसं कर, असं उत्तर मिळालं. पहिल्यांदा खंगर झाला तेव्हा त्यांनी ड्रॉइंग उलगडून पाहिलं, आणि कोपऱ्यात बाईचं नाव दिसलं.

"मंग गुंडाळून ठेवलं. ट्युबा जवळ आहेत म्हटलं असतं, तर पयला सवाल येते, कोनं काढलं हे?"

"मग मला रेतीत का उतरवलं?"

"तुमाले समजावं म्हणून. सांगायचं का नाई, ते तुमचं."

"आणि मी सांगितलं नसतं तर? तुमची नोकरी गेली असती."

"फिटरी मले कुठीबी भेटते, म्याडम," ते म्हणाले. "पन तुमच्या खुर्चीवर मंग दुसऱ्या बाईले कोनी बसवलं असतं का?"

गाडी लागली. त्यांनी भेंडोळं खिडकीतून माझ्या हातात दिलं आणि कंडक्टरला सांगितलं की म्याडमले पुढची सीट द्या. मी ब्रह्मपुरी येईपर्यंत ढसाढसा रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणी वारलं का हो घरी, तर मला नीट नाही म्हणतासुद्धा आलं नाही.